नेपाळी विद्यार्थ्याने परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी कसे जावे

काठमांडूच्या पुतलीसडक आणि बागबझार भागात इमारतींवर मजल्यामागून मजला परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सींच्या, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जपान, कॅनडा अशा नावांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. पदवी हातात पडण्यापूर्वीच ‘कोणत्या देशात जायचे’ हा प्रश्न मुलांच्या मनात घट्ट बसतो, त्याचे एक कारण या पाट्या आहेत आणि दुसरे म्हणजे आधी गेलेला मामेभाऊ किंवा शेजारची ताई. माझ्या मते देश सर्वांत शेवटी ठरवावा. आधी विषय, मग कागदपत्रे, मग पैसा कोठून येणार याचा हिशेब, आणि या तिन्हींतून जो देश उरेल तो आपला, असा क्रम ठेवणाऱ्याचे वर्षही वाचते आणि घरची जमीनही वाचते. हा लेख मुख्यतः नेपाळमध्ये स्नातक झालेल्यांसाठी आहे. परंतु पुण्या-मुंबईत वाढलेली आणि येथल्या शाळांत मराठी शिकलेली नेपाळी मुले, तसेच त्यांना वाट दाखवू पाहणारे त्यांचे शिक्षक, यांनाही तो उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

पहिली पायरी: विषय आणि पदवीची वर्षे

पदव्युत्तर अभ्यासक्रम हा स्नातक पदवीच्या पुढचा टप्पा असल्यामुळे, पूर्वीच्या विषयाशी त्याचा धागा जुळला पाहिजे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधराने जलव्यवस्थापन किंवा भूकंपरोधक बांधकाम निवडले, तर ते कोणालाही पटते. परंतु केवळ प्रवेश सहज मिळतो म्हणून एखादा असंबद्ध डिप्लोमा घेतला, तर त्याचे उत्तर पुढे व्हिसा अधिकाऱ्यालाही द्यावे लागते.

त्याबरोबर वर्षे मोजावीत. नेपाळमध्ये बारावी, म्हणजे तेथल्या बोलीत ‘प्लस टू’, आणि त्यानंतर चार वर्षांचे स्नातक शिक्षण मिळून सोळा वर्षे होतात आणि अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांना तेवढी पुरतात. त्रिभुवन विद्यापीठाची जुनी तीन वर्षांची पदवी किंवा भारतातील तीन वर्षांची बी.कॉम., बी.ए. असणाऱ्याने मात्र प्रत्येक विद्यापीठाचा नियम अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी वाचावा.

दुसरी पायरी: नाव, तारीख आणि ट्रान्सक्रिप्ट

या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण अडचण येथे असते आणि ती उशिरा लक्षात येते. नेपाळचा सरकारी व्यवहार विक्रम संवतावर चालतो. मराठी वाचकाला विक्रम संवत म्हटले की दिवाळीचा पाडवा आणि चांद्र तिथी आठवतात, परंतु नेपाळचे वर्ष सौर आहे. ते एप्रिलच्या मध्याला वैशाखापासून सुरू होते आणि महिने २९ ते ३२ दिवसांचे असतात, तेही दरवर्षी सारख्या लांबीचे नसतात. म्हणून केवळ वजाबाकी करून इसवी तारीख काढता येत नाही. संवत २०५७ च्या वैशाखात जन्मलेल्याचे इसवी वर्ष २००० असते, पण त्याच २०५७ च्या माघात जन्मलेल्याचे २००१. शाळेत कोणीतरी घाईने सत्तावन्न वजा केले आणि तीच तारीख बारावीच्या प्रमाणपत्रापर्यंत गेली, की नागरिकता प्रमाणपत्र आणि पासपोर्ट एक तारीख सांगतात आणि गुणपत्रक दुसरी.

नावाचेही तसेच. एकच आडनाव रोमन लिपीत ‘छेत्री’ आणि ‘क्षेत्री’ अशा दोन प्रकारे उतरते, ‘लक्ष्मी’चे स्पेलिंग कधी एक्सने तर कधी केएसएचने होते, आणि ‘कुमारी’ किंवा ‘बहादुर’ हे मधले नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. यासाठी नागरिकता, पासपोर्ट, एसईई (दहावीची परीक्षा), बारावी आणि स्नातक ही सारी कागदपत्रे एका टेबलावर मांडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. जे दुरुस्त होण्यासारखे असेल ते संबंधित मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्यावे. जे होण्यासारखे नसेल त्यासाठी वडा (प्रभाग) कार्यालयातून ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शिफारसपत्र घेऊन त्याचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून ठेवावे.

महाराष्ट्रात राहणाऱ्या नेपाळी मुलांसाठी येथे एक वेगळी सूचना आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना भारतात राहण्यासाठी आणि शिकण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे अनेकांकडे पदवी होईपर्यंत पासपोर्टच नसतो. पासपोर्टचा अर्ज दिल्लीच्या नेपाळी दूतावासात करता येतो, परंतु त्यासाठी लागणारे नागरिकता प्रमाणपत्र मूळ गावच्या जिल्हा प्रशासन कार्यालयातूनच मिळते, आणि तेथे स्वतः जावे लागते. हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुटीत उरकावे.

ट्रान्सक्रिप्टबाबतही, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत एकत्रित गुणपत्रकाबाबतही, धीर धरून पण लवकर हालचाल करावी. त्रिभुवन विद्यापीठाचे निकाल उशिरा लागतात हे नेपाळमध्ये सर्वांना ठाऊक आहे, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी बल्खू येथील परीक्षा नियंत्रण कार्यालयात खेटे घालावे लागू शकतात. अमेरिकी विद्यापीठांच्या अनेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, तर नेपाळची कार्यालये आश्विनात दशैंसाठी (दसरा) आणि पाठोपाठ तिहारसाठी (दिवाळी) बंद असतात. म्हणून मूळ प्रती आणि मोहोरबंद पाकिटे दशैंच्या आधी हातात आली पाहिजेत, हे कॅलेंडरवर लाल अक्षरांत लिहून ठेवावे. टक्केवारीचे जीपीएमध्ये, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरासरी श्रेणीगुणांत, रूपांतर मात्र स्वतः करू नये. त्रिभुवनच्या ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी असते आणि परदेशी वाचकाला ते कमी वाटू शकते. त्यामुळे श्रेणींचे प्रमाण छापलेले पान ट्रान्सक्रिप्टसोबत जोडावे आणि वर्गात आपला क्रमांक वरचा असेल तर तसे महाविद्यालयाकडून लिहून घ्यावे.

तिसरी पायरी: पैसा

पैशाच्या दृष्टीने वाटा चार: पूर्ण शिष्यवृत्ती, विद्यापीठातील सहायकपद, विनाशुल्क किंवा अल्पशुल्क शिक्षण, आणि कर्ज. बहुतेक घरे चौथ्या वाटेपासून सुरुवात करतात. मी ती शेवटी ठेवावी असे आग्रहाने सांगेन, कारण जमीन किंवा घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे ओझे शिकणाऱ्या मुलाला वर्गातून उठवून रात्रपाळीला नेते.

शिष्यवृत्त्यांमध्ये अमेरिकेसाठी फुलब्राइट आहे. ती काठमांडूतील युनायटेड स्टेट्स एज्युकेशनल फाउंडेशन चालवते. ब्रिटनसाठी चिव्हनिंग आहे. तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. भारतीय मित्र पुष्कळदा कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती सुचवतात, परंतु नेपाळ राष्ट्रकुलाचा सदस्य नसल्यामुळे ती येथे लागू होत नाही. जर्मनीची डाड आणि तिचे विकासाशी निगडित अभ्यासक्रम, जपान सरकारची मेक्स्ट, ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्स, तसेच युरोपातील दोन-तीन देशांत मिळून शिकवले जाणारे आणि महिना १,४०० युरो देणारे इरास्मस मुंडुस अभ्यासक्रम, हे सारे नेपाळी अर्जदारांना खुले आहेत. नोकरीचा दोन वर्षांचा अनुभव यांपैकी अनेक दारे उघडतो, म्हणून पदवीनंतर लगेच जाण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी अमेरिकेतील अध्यापन किंवा संशोधन सहायकपद ही खरी वाट आहे. त्यात शुल्क माफ होऊन वर मानधन मिळू शकते. ते पद जाहिरात पाहून मिळत नाही. प्राध्यापकाचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, आपण त्यातल्या कोणत्या प्रश्नावर काम करू इच्छितो हे दहा-बारा ओळींत लिहिलेला ईमेल पाठवावा लागतो, आणि असे वीस पाठवले तर दोन-तीन उत्तरे येतात असे धरून चालावे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागतात. शुल्क नसले तरी राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, रक्कम दाखवावी लागते; २०२४ च्या सप्टेंबरपासून ती वर्षाला ११,९०४ युरो झाली. नॉर्वे एकेकाळी विनाशुल्क होता, पण २०२३ पासून तेथेही युरोपाबाहेरच्यांना शुल्क आहे, त्यामुळे जुन्या सल्ल्यावर विसंबू नये.

भारत हाही नेपाळी विद्यार्थ्यासाठी परदेशच आहे आणि त्याला कमी लेखू नये. भारतीय दूतावासाच्या आणि आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) शिष्यवृत्त्या आहेत, दिल्लीत सार्क देशांनी मिळून उभारलेले साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, व्हिसाचा खर्च नाही, आणि भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ हा दर १९९३ पासून बांधलेला असल्यामुळे दोन वर्षांचा हिशेब आज जो मांडाल तो विनिमयदरामुळे उद्या कोसळत नाही.

चौथी पायरी: परीक्षा आणि अर्ज

इंग्रजीसाठी आयईएल्ट्स, टोफेल किंवा पीटीई यांपैकी एक पुरते. आयईएल्ट्स आणि टोफेलचे गुण दोन वर्षे आणि जीआरईचे पाच वर्षे चालतात. जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा, सर्वत्र लागत नाही, तेव्हा आपल्या यादीतील विद्यापीठे ती मागतात का हे पाहूनच तिच्यावर पैसा घालवावा. शुल्क डॉलरमध्ये भरणे हीदेखील एक अडचण आहे: नेपाळ राष्ट्र बँकेने २०२१ मध्ये प्रीपेड डॉलर कार्डाला परवानगी दिली तेव्हा वर्षाला ५०० डॉलरची मर्यादा घातली, आणि जीआरई, इंग्रजीची परीक्षा व तीन-चार अर्ज एवढ्यातच ती ओलांडली जाते. म्हणून शुल्कमाफी देणारी विद्यापीठे यादीत घ्यावीत, माफीसाठी विभागाला लिहावे आणि खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागावा.

एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का हे सांगणारा उद्देशलेख, स्वतः लिहावा. एकाच साच्यातले एसओपी वर्षानुवर्षे फिरत असतात आणि निवड समितीला ते ओळखू येतात. त्याऐवजी आपण केलेला एखादा प्रकल्प, मग तो सिंधुपाल्चोकच्या शाळेच्या पुनर्बांधणीतला असो वा तराईतील सिंचनाचा, तपशिलाने सांगावा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान दीड महिना आधी भेटावे आणि आपले गुण, प्रकल्प व मुदती एका कागदावर लिहून द्याव्यात.

कन्सल्टन्सीची मदत घ्यायची असेल तर ती शिक्षण मंत्रालयाची परवानगी असलेलीच असावी. तिला पुष्कळदा परदेशी संस्थेकडून कमिशन मिळते. जर्मनीचे सरकारी विद्यापीठ किंवा सहायकपद देणारा अमेरिकी विभाग सहसा असे कमिशन देत नाही, त्यामुळे ही नावे सल्ल्यात आपोआप मागे पडू शकतात, हे पालकांनी ओळखून असावे. खोटे बँक स्टेटमेंट किंवा अनुभवपत्र बनवून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर तेथून उठून यावे. फसवणूक आढळल्यास ब्रिटन दहा वर्षांपर्यंत आणि ऑस्ट्रेलिया तीन वर्षे दार बंद करू शकतो. अमेरिकेत तर तो शिक्का कायमचा असतो.

पाचवी पायरी: अनापत्तिपत्र आणि व्हिसा

प्रवेशपत्र आल्यावर नेपाळच्या शिक्षण मंत्रालयाकडून अनापत्तिपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनओसी’, ऑनलाइन अर्ज करून घ्यावी. ती नसेल तर बँक परदेशी विद्यापीठाला शुल्क पाठवत नाही आणि त्रिभुवन विमानतळावरही अडवले जाण्याची शक्यता असते. त्यावरचा देश आणि अभ्यासक्रम प्रवेशपत्राशी जुळतात का हे पाहावे. पुढे देश बदलला तर नवी घ्यावी.

व्हिसासाठी प्रत्येक देशाची गरज निराळी आहे. अमेरिकेसाठी आय-२० (प्रवेश दिल्याचा विद्यापीठाचा दाखला) आल्यावर ३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) शुल्क भरून मुलाखत द्यावी लागते. ब्रिटनसाठी क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि सलग २८ दिवस खात्यात राहिलेली रक्कम दाखवावी लागते. मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत. हाच अभ्यासक्रम का, खर्च कोण करणार आणि त्यानंतर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच्या पायऱ्या नीट चढलेल्याकडे तयारच असतात.

निघताना मूळ प्रमाणपत्रांची स्कॅन केलेली प्रत घरी ठेवावी आणि परदेशी अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील व तासांची नोंद पहिल्या सत्रापासून साठवत जावी, कारण परतल्यावर लोकसेवा आयोगाची परीक्षा किंवा विद्यापीठातील नोकरी धरायची झाल्यास पदवीची समकक्षता सिद्ध करावी लागते, आणि त्या वेळी हाच तपशील मागितला जातो.