मॉडेल बसलं, पण क्ष-किरण आले कुठून?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी क्ष-किरण खगोलशास्त्र घेणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात कृष्णविवरं असतात. माझ्याही होती. गाइडनी उष्ण, अवजड ताऱ्यांकडे वळवलं आणि मी तिथेच रमलो. कलिना-कुलाब्याकडची नवी मुलं हल्ली तेच ते प्रश्न विचारतात, की कुठल्या ताऱ्याचे क्ष-किरण विचित्र म्हणायचे आणि ते येतात कुठून, म्हणून हे लिहून ठेवतोय.

विचित्र काय ते ओळखायचं तर आधी नेहमीचं काय ते पक्कं हवं. ओ वर्गाचे, म्हणजे सर्वांत उष्ण गटातले, तारे क्ष-किरण सोडतात हे आइन्स्टाइन या अवकाश वेधशाळेमुळे १९७८-७९ च्या सुमारास कळलं. त्यांचा वारा, म्हणजे ताऱ्यावरून बाहेर वाहणारा वायू, सेकंदाला दोनेक हजार किलोमीटर वेगाने सुटतो, पण एकसारखा नाही. मागून आलेला वेगवान वायू पुढच्या संथ वायूवर आदळतो आणि काही दशलक्ष केल्विनपर्यंत तापतो. क्ष-किरणांतलं तेज ताऱ्याच्या एकूण तेजाच्या साधारण एक कोटीवा भाग भरतं. हे प्रमाण पाठच करा. ते गुणोत्तर असल्यामुळे ताऱ्याचं अंतर चुकलं तरी बिघडत नाही. मधल्या धुळीची आणि वायूची दुरुस्ती मात्र क्ष-किरणांतल्या आणि एकूण अशा दोन्ही तेजांना नीट करावी लागते.

आता शर्मिष्ठेतला मधला तारा घ्या, गॅमा कॅसिओपी. डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला पाहा, मुंबईच्या उजेडातही दिसतो. त्याच्या भोवती वायूची तबकडी आहे आणि त्याचे क्ष-किरण नेहमीच्या प्रमाणाच्या कितीतरी पट जास्त. तापमान तर दहा कोटी केल्विनच्याही वर. नुसत्या वाऱ्याला हे झेपणारं नाही. एक गट म्हणतो, ताऱ्याचं आणि तबकडीचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांत गुंततं आणि त्यातून वायू तापतो. दुसरा म्हणतो, सुमारे २०३ दिवसांत फेरी मारणारा सोबती श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा दाट गाभा, आहे आणि वायू त्याच्यावर पडून तापतोय.

नवखी मुलं अडकतात ती इथे. एक्सस्पेक या वर्णपट तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उष्ण वायूचं मॉडेल घालायचं, आकडे जुळले की उत्तर मिळालं म्हणून मोकळं व्हायचं! पण ते मॉडेल वायू किती गरम आहे एवढंच सांगतं, तो कुणी तापवला हे नाही. वर्णपटातल्या लोखंडाच्या ६.७ आणि ६.९७ केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) रेषा अति उष्ण वायूच्या, ६.४ ची रेषा शेजारच्या थंड पदार्थाची. तिन्ही रेषा दोन्ही कल्पनांत बसतात. खरी परीक्षा म्हणजे उष्ण वायूच्या रेषा कक्षेनुसार सरकतात का, आणि सरकल्या तर मुख्य ताऱ्याबरोबर की सोबत्याबरोबर. त्याला जपानच्या क्रिझम उपग्रहासारखा बारीक वर्णपट लागतो.

प्रत्येक विचित्र तारा असाच असेल असंही नाही. मृगाच्या तेजोमेघातल्या थीटा-वन ओरायनिस सी या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र वाऱ्याचे दोन प्रवाह मधोमध आणून आपटवतं, आणि क्ष-किरणांचं तेज सुमारे १५.४ दिवसांच्या परिवलनाबरोबर कमी-जास्त होतं. ईटा करीनेत दोन ताऱ्यांचे वारे भिडतात. तिथे घड्याळ साडेपाच वर्षांचं. म्हणून वर्णपटाइतकाच वेळेचा आलेख बघा. माझ्या मते वर्णपटाच्या आधी बघा.

त्याच्याही आधी उपकरणावर संशय घ्या. हे तारे दृश्य प्रकाशात इतके झगझगीत असतात की तो प्रकाशच दुर्बिणीच्या सीसीडीत, म्हणजे किरण टिपणाऱ्या चिपमध्ये, शिरून खोटे सौम्य क्ष-किरण दाखवतो. एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या क्ष-किरण दुर्बिणीवर जाड फिल्टर असतो तो यासाठीच. मग शेजारी. बी वर्गाच्या (ओच्या खालोखाल उष्ण) उत्तरार्धातला तारा क्ष-किरण देताना दिसला तर बऱ्याचदा चमकत असतो त्याचा लहानसा तरुण सोबती. नासाच्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमा अर्ध्या आर्कसेकंदाइतकी (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) रेखीव, म्हणून गर्दीच्या तारागुच्छात तीच वापरावी. आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाची एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत तयार झाली, तिचं कौतुक आहेच, पण तिची प्रतिमा दोनेक आर्कमिनिटांची (एक आर्कमिनिट म्हणजे साठ आर्कसेकंद). ती एकट्या, तेजस्वी ताऱ्यासाठी घ्या.

सुरुवातीला दुर्बिणीचा वेळ मागायची गरज नसते. नासाच्या हीसार्क या डेटासंग्रहावर जुना डेटा फुकट आहे, तो तपासायचं हीसॉफ्ट हे सॉफ्टवेअरही फुकट. लिनक्सवर ते चढवायला एखादी रात्र जाते एवढंच. बीएस्सीत असाल तर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा विद्यार्थी-संशोधनाचा कार्यक्रम बघा, एमएस्सीत असाल तर उन्हाळ्यातला टीआयएफआरचा तसाच कार्यक्रम, व्हीएसआरपी. अर्जात 'मला विश्वाची ओढ आहे' वगैरे नको. एक तारा निवडा, त्याचं ते कोटीवं प्रमाण काढा आणि ते का जुळत नाही यावर अर्धं पान लिहा.