ग्रामीण रुग्णालयाच्या विस्ताराचा निधी रखडल्यास पाठपुरावा कसा करावा

३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करण्याचा शासन निर्णय निघाला, म्हणजे इमारतीसाठी पैसे आले असे नव्हे. म्हणून प्रथम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन प्रस्ताव नेमका कोठे थांबला आहे, जागेच्या सातबाऱ्यावर, अंदाजपत्रकावर, प्रशासकीय मान्यतेवर (म्हणजे खर्चाला शासनाच्या मंजुरीवर) की निधी वितरणावर, हे विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ही पोच जपून ठेवा. पुढे तीच कामी येते.

उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्रात तो एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. ‘विलंब का झाला’ असे विचारण्याऐवजी पत्रव्यवहाराच्या व टिप्पणीच्या (फाइलवरील अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांच्या) प्रतीच मागाव्यात, कारण कोणत्या टेबलावर किती महिने गेले हे त्यांवरील तारखाच सांगतात.

काम लांबले की दरसूची, म्हणजे बांधकामाचे सरकारी दर, बदलते, जुने अंदाजपत्रक अपुरे पडते आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचा नवा फेरा सुरू होतो. माझ्या मते खरा घात येथेच होतो, आणि तोवर बाळंतिणींना व्हरांड्यात गादी टाकून झोपावे लागते. त्यामुळे अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा निधीच्या मागण्या) मांडल्या जाण्यापूर्वीच, ग्रामसभेचा ठराव जोडून, आमदारांकडे निवेदन पोहोचवावे.