दापोलीहून थारांटला: जर्मनीत वनशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

वनशास्त्राची पदवी हाती आल्यावर परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, ती म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर पदवीने वनखात्यात नोकरी मिळत नाही. वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक व्हायचे असेल तर एमपीएससी आणि भारतीय वनसेवेत जायचे असेल तर यूपीएससी, याला पर्याय नाही. ज्यांचा ओढा संशोधन, दूरसंवेदन, लाकडाचे प्रमाणीकरण किंवा कार्बनमापन यांकडे आहे, त्यांनीच हा खटाटोप करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून बाहेर पडून थारांटला गेलो. ड्रेस्डेनपासून लोकलने सुमारे वीस मिनिटांवर, अरुंद दरीत वसलेल्या या गावात हाइन्रिश कोट्टा यांनी 1811 मध्ये आपली वनशाळा आणली आणि आज तिथे ड्रेस्डेन तंत्र विद्यापीठाचा वनशास्त्र विभाग आहे. उष्णकटिबंधीय वनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे इंग्रजीतून चालतो आणि माझ्या वेळी त्याला शिकवणी शुल्क नव्हते, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागे. हा नियम राज्यागणिक बदलतो. वनशास्त्राचे दुसरे केंद्र असलेले फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो मोजावे लागतात.

कागदपत्रांचे वेळापत्रक उलटीकडून आखावे. वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात, त्याआधी व्हिसा, आणि व्हिसासाठी 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या एपीएस या जर्मन केंद्राचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, जे यायला कित्येक आठवडे लागू शकतात. शिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम जर्मनीतील गोठवलेल्या खात्यात आगाऊ दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे आणि दरमहा त्यातले 992 युरोच काढता येतात. पदवीनंतर दोन वर्षे नोकरी केलेल्यांनी डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्तीसाठी अवश्य अर्ज करावा, मात्र पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी झालेली नसावी. तिथे पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी तिथे राहत असल्याचा घरमालकाचा लेखी दाखला लागतो, म्हणून तो देणार का, हे खोली ठरवतानाच विचारून घ्यावे.

अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी जर्मन शिकल्यावाचून गत्यंतर नाही. भारतात जंगल म्हणजे बहुतांशी सरकारी मालमत्ता. जर्मनीत मात्र जवळपास निम्मे जंगल खाजगी मालकीचे आहे, त्यामुळे इंटर्नशिपमध्ये गाठ पडते ती शेतकरी मालकांशी, लाकूडतोड करणाऱ्या कंत्राटदारांशी आणि गावोगावच्या वनाधिकाऱ्यांशी. ही मंडळी मनमिळाऊ असतात, पण इंग्रजीत बोलायला फारशी राजी नसतात, आणि त्यांची सॅक्सन, म्हणजे त्या राज्यातली, बोली वर्गातल्या जर्मनपेक्षा बरीच वेगळी ऐकू येते.

प्रात्यक्षिकांत आपली तयारी कमी पडत नाही, फक्त सवयी बदलाव्या लागतात. आपण छातीच्या उंचीवरचा घेर 1.37 मीटरवर मोजतो, तिकडे व्यास मोजणारे कॅलिपर 1.30 मीटरवर लावतात, आणि उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभे राहून मोजायचे, हे दोन्हीकडे सारखेच. 2018 पासूनच्या दुष्काळी वर्षांनी तिथल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची दैना केली आहे. पहिल्याच शिबिरात आम्हाला वाळत चाललेल्या खोडाची साल सोलायला लावली, तर आत सालकिड्याच्या मादीने कोरलेला उभा बोगदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या निघालेल्या अळ्यांच्या बारीक वाटा दिसल्या. बुंध्याशी तपकिरी भुसा साचला होता. पावसाळ्यात आपल्या सागाच्या पानांची अळ्या जाळी करतात, पण साग पुन्हा फुटतो, हा स्प्रूस मात्र मरतो, आणि शेजारच्या झाडांना लागण होऊ नये म्हणून त्याला वेळेत तोडून हलवावे लागते. या एका विषयावर वनव्यवस्थापन, बाजारभाव आणि हवामानबदल शिकवणारे सगळे प्राध्यापक येऊन भांडतात, आणि ती भांडणे ऐकण्यासारखी असतात.

गोचिडांकडे दुर्लक्ष करू नये. त्यांच्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे, ती पहिल्या उन्हाळ्याआधी घ्यावी. गोचिडांमुळेच होणाऱ्या लाइम रोगावर मात्र लस नाही, म्हणून जंगलातून आल्यावर रोज अंग तपासावे.

प्रबंधासाठी अनेक जण आपल्या देशात येऊन माहिती गोळा करतात आणि सह्याद्रीत काम करण्याची कल्पना मोहक असते, परंतु राखीव वनात पाऊल टाकण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि अभयारण्य असेल तर ती आणखी वेळ घेते. माती, पाने किंवा लाकडाचे नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत न्यायचे असतील, तर जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचीही मंजुरी घ्यावी लागू शकते. तेव्हा प्रबंधाचा विषय दुसऱ्या सत्रातच मार्गदर्शकांशी बोलून ठरवावा आणि अर्ज त्याच महिन्यात धाडावेत.