पिल्लाची शू आणि मोठा क्रेट

आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू अडीच महिन्यांचं, घर चौथ्या मजल्यावर. लशी पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून बाहेर न नेता शूसाठी बाल्कनीत मातीचा ट्रे ठेवला. अडलं क्रेटपाशी, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यापाशी. तो मोठ्या कुत्र्याच्या मापाचा; साहेब एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात खुशाल झोपायचे. झोपायची जागा पिल्लू सहसा घाण करत नाही, पण जागा ऐसपैस असली की त्याचं काही अडत नाही. मधे जाळी लावली आणि उभं राहता, वळता, आडवं होता येईल एवढीच जागा ठेवली. फरक तिथेच पडला.

या वयात दिवसा दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. उठल्यावर, खेळल्यावर, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सरळ ट्रेवर. शू झाली की खाऊ तिथल्या तिथे. घरात आल्यावर दिला तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही. रात्री गजर लावून उठायचं, लाड न करता.

डागांवर एन्झाइमचं क्लीनर. अमोनियावालं नको, वास शूसारखाच येतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच करतं. (आईचा फिनाइलवरचा विश्वास मात्र अढळ आहे.) क्रेटमध्ये शिक्षा म्हणून कधी कोंडलं नाही, दार उघडं ठेवून जेवणाची वाटी आत सरकवली.

पाहुणे आले की आनंदाने अजून थोडी शू होते. ते प्रकरण वेगळं, रागावलं तर वाढतं.