इन्व्हरगॉर्डनला जहाज लागते तेव्हा : खासगी सहलीतील या चुका टाळा

उत्तर स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन हे क्रोमार्टीच्या खाडीवरचे छोटे बंदर आहे. मोठी पर्यटक जहाजे येथे थेट धक्क्याला लागतात, त्यामुळे मार्गदर्शकासह खासगी गाडी ठरवून हायलँड्सचा ग्रामीण भाग पाहणे सोयीचे ठरते. मात्र जहाज दहा तास बंदरात आहे म्हणजे सहलीला दहा तास मिळाले, असा हिशेब अनेकजण करतात आणि पुढच्या बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात. सकाळी उतरण्यात वेळ जातो, जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि त्याआधी किमान तासभर राखून ठेवावा लागतो. म्हणजे हाती सात-साडेसात तासच उरतात. जहाज कंपनीने आखलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते. खासगी सहलीला ती हमी नसते, आणि जहाज चुकल्यास पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्काय बेटाचा हट्ट. नकाशावर ते जवळ दिसते, पण बेटाकडे जाणाऱ्या पुलापर्यंतच सुमारे दोन तास लागतात आणि पोर्ट्री गाव तेथून आणखी तासभर पुढे आहे. एवढे करून दिवसभर गाडीच्या काचेतूनच डोंगर पाहिले जातात. त्याऐवजी तासाभराच्या अंतरावरचा अर्कार्ट किल्ला पाहावा. सुमारे 37 किलोमीटर लांबीच्या लॉख नेस सरोवराकाठचा हा किल्ला शत्रूच्या हाती पडू नये म्हणून 1692 मध्ये सैनिकांनीच सुरुंगाने उडवला होता. याच फेरीत कलोडनचे रणांगण बसते, जेथे 16 एप्रिल 1746 रोजी जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, सैन्याचा पराभव झाला, आणि जवळच क्लाव्हाची सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. माझ्या मते याहूनही शांत दिवस ब्लॅक आयल या द्वीपकल्पावर जातो. तेथील चॅनोन्री पॉइंट या टोकावरून डॉल्फिन दिसतात, परंतु ओहोटी संपून भरती सुरू होते तेव्हा ती शक्यता अधिक असते. म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहूनच मार्गदर्शकाला क्रम ठरवू द्यावा. ठिकाणांची यादी आपण आखून त्याच्या हाती देणे आणि मग घाई झाली म्हणून खंतावणे, हे टाळता येण्यासारखे आहे.

घड्याळाचा घोळ वेगळाच असतो. नॉर्वेहून आलेल्या जहाजावरील वेळ कधी स्थानिक वेळेपेक्षा एक तास पुढे असते, तर किनारा जवळ येताच मोबाइल स्थानिक वेळ दाखवू लागतो. भेटीची वेळ कोणत्या घड्याळाची आहे, हे मार्गदर्शकाशी लेखी ठरवावे. गाडी धक्क्यापर्यंत येते की फाटकाबाहेर उभी राहते, हेही आधीच विचारावे. ठरलेल्या जागी कोणी दिसले नाही तर इकडेतिकडे न फिरता तेथेच थांबून फोन करावा, आणि त्यासाठी रोमिंग आधीच सुरू करून ठेवावे.

इन्व्हरगॉर्डनप्रमाणे सगळीकडे जहाज धक्क्याला लागत नाही. एडिनबर्गजवळचे साउथ क्वीन्सफेरी आणि स्कायवरील पोर्ट्री येथे प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते, त्यामुळे वारा वाढल्यास थांबा रद्द होऊ शकतो. अशा वेळी पैसे परत मिळतात का, याची लेखी खात्री आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच करून घ्यावी. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी : युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामाईक शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही, त्यामुळे ब्रिटनचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो.

लहान मुले बरोबर असतील तर त्यांचे वय आणि उंची आधी कळवावी, म्हणजे गाडीत योग्य बालआसन ठेवता येईल. उन्हाळ्यातही पावसाचे जाकीट आणि घट्ट पकड असलेले बूट हवेत. वारा पडला की चिलटांसारखे मिज नावाचे बारीक किडे त्रास देतात, म्हणून कीटकरोधक मलम जवळ असावे.

एवढे करूनही रस्त्यात गाडी अडकलीच, तर शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहू नये. बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा क्रमांक दैनंदिन कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि उशीर होणार असे वाटताच फोन करून नाव, खोली क्रमांक व गाडी कोठे आहे ते कळवावे.