मांजर-कुत्र्याच्या घरात फर्न कसं लावावं

नर्सरीत 'फर्न' म्हणून मिळणारं प्रत्येक रोप फर्न नसतं. मी पहिल्यांदा आणलं ते अ‍ॅस्परॅगस फर्न होतं, शतावरीच्या कुळातलं. आमच्या मनीने त्याच्या दोन काड्या चघळल्या आणि रात्रभर उलट्या केल्या. त्यातलं सॅपोजेनिन नावाचं द्रव्य मांजर-कुत्र्यांना बाधतं, लाल फळं तर जास्तच.

म्हणून पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत जा किंवा जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात, पैसे देण्याआधी रोप हातात घेऊन नीट बघा. सुईसारखी पानं आणि देठावर बारीक काटे असतील तर ते अ‍ॅस्परॅगस. ताठ, टोचणारी पानं म्हणजे सायकस. तो घरात नकोच, त्याने यकृत निकामी होऊन जनावर दगावतं. खऱ्या फर्नला फुलं-फळं येत नाहीत, जुन्या पानामागे तपकिरी ठिपके असतात. पण खरी फर्नही सगळीच निर्धोक नसतात, त्यामुळे नाव विचारूनच घ्या: बोस्टन, बर्ड्स नेस्ट, स्टॅगहॉर्न किंवा हंसराज. आपल्याकडे ओल्या दगडांच्या फटीत आपसूक उगवणारा हंसराज मला फार आवडतो, पण पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये तो चटकन करपतो. सुरुवात बोस्टनने करा.

घरी आणल्यावर पानं धुऊन घ्या, नर्सरीत औषध मारलेलं असू शकतं. मुळांभोवतीची घट्ट लाल माती अलगद सोडवा. मग दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग माती, एक भाग गांडूळखत असं मिश्रण करून खाली भोक असलेल्या कुंडीत लावा. खताच्या पिशवीवर एरंडी पेंड लिहिलंय का, ते जरूर वाचा. कुत्री वासाने ती उकरून खातात आणि त्यातलं रिसिन हे विष जीवघेणं असतं. रोप निर्धोक आणि खत विषारी, असं व्हायला नको.

जागा उत्तरेच्या खिडकीपाशी किंवा सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या पूर्वेच्या बाल्कनीत. बोट एक पेर खुपसा, वरची माती सुकायला लागली असेल तरच पाणी घाला. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं तपकिरी होतात, जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये कुंडी खिडकी असलेल्या बाथरूममध्ये हलवली तर ओलावा टिकतो. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी रोज ओतून टाका, मांजरं नेमकी तिथेच तोंड घालतात.

निर्धोक फर्नही भरपूर खाल्लं तर उलटी होऊ शकते, तेव्हा कुंडी टांगलेली बरी. भलतंच रोप पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्या रोपाची फांदी घेऊन लगेच पशुवैद्यांकडे जा.

जूनमध्ये पाऊस लागला की वाळलेली पानं बुडापासून कापा आणि कुंडी उघड्यावर ठेवा. थोड्याच दिवसांत मधोमध हिरवे, गुंडाळलेले कोंब वर येताना दिसतील.