कॉन्टूर-हायलाइट शिकताय? या चुका टाळा, पहिली तर हमखास

कॉन्टूर म्हणजे गडद रंगाने चेहऱ्यावर सावली दाखवणं, हायलाइट म्हणजे उजळ, चमकदार रंगाने उठाव देणं. लग्नसराई सुरू झाली की सांगली-मिरजेच्या कार्यालयांत मला तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसतो. कानापासून ओठापर्यंत विटकरी पट्टा, नाकावर दोन रेघा, गालाच्या हाडावर चांदी. करणाऱ्या मुली मेहनती असतात, महागडं सामानही घेतात. पण शिकायच्या वेळी त्यांना कुणी टोकलेलं नसतं. म्हणून इथे स्पष्टच लिहिते.

ब्राँझरने कॉन्टूर करणे

सावलीत नारिंगी रंग नसतो. सकाळी आरसा घेऊन खिडकीपाशी बसा, मान जरा वळवा आणि गालाच्या हाडाखाली नीट बघा. तिथे मातकट, राखाडीकडे झुकणारा तपकिरी रंग दिसेल. कॉन्टूरला तोच हवा: मॅट म्हणजे बिनचमकीचा, थंड झाकेचा, आपल्या त्वचेपेक्षा एक-दोन शेड गडद. ब्राँझर असतो उन्हाने आलेला तांबूसपणा दाखवायला. त्यात लालसर-पिवळी झाक असते, बऱ्याचदा चमकही असते. गव्हाळ गालाखाली तो लावला की गाल आत गेल्यासारखा दिसतच नाही, भाजल्यासारखा दिसतो. सावळ्या रंगावर उलटी अडचण येते. तिथे फार राखाडी शेड मळकट दिसते, म्हणून लाल झाक नसलेला गडद चॉकलेटी घ्यावा.

तासगावकडच्या एका लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले होते. नवरीचा मेकअप तिच्या चुलत बहिणीने केला होता. ती नुकताच कुठेतरी कोर्स करून आली होती. आदल्या दिवशी हळद लागलेली, आणि सांगलीच्या हळदीचा रंग किती पक्का असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. उगाच नाही तिला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पिवळ्या गालावर, खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली तिने फाउंडेशनची शेड जुळवली. मग बेस पिवळा, त्यावर उबदार, म्हणजे नारिंगी झाकेचं कॉन्टूर. फोटोग्राफरने पांढरा एलईडी लावला आणि सगळं उघडं पडलं. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, पोरीच्या गालाला काय लागलंय?” नवरीच्या डोळ्यांत पाणी. मुहूर्त तोंडावर.

चेहरा धुवायला वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी मी धुवू दिला नसता. स्पंज ओला करून घट्ट पिळला आणि पट्ट्यावर हलक्या हाताने थापत राहिले. घासायचं नाही, फक्त थापायचं. बराच रंग स्पंजवर आला. उरलेल्यावर माझ्या पर्समधला तिच्या गळ्याच्या रंगाशी जुळणारा बेस अगदी चिमूटभर लावला, आणि कडेला भुवयांची थंड तपकिरी पावडर मोठ्या ब्रशने फिरवली. फोटो निभावले. नंतर ती मुलगी मला म्हणाली, “ताई, पॅलेटवर कॉन्टूरच लिहिलं होतं हो.” लिहिलेलं असतं. आपण पावडर हातावर ओढून दिवसाच्या उजेडात बघायची, आणि नारिंगी दिसली की ठेवून द्यायची.

हळदीनंतर शेड जुळवायचीच नाही, ही माझी पक्की सवय आहे. ट्रायल हळदीच्या आधी, शेड जबड्यावर आणि गळ्याखाली लावून, खिडकीच्या उजेडात. मग मोबाईलने एक फोटो फ्लॅशने, एक बिनफ्लॅशचा. याला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी मुली कंटाळा करतात याचा मला मनापासून राग येतो.

रीलमधला जाड थर जसाच्या तसा आपल्या चेहऱ्यावर लावणे

आपली सांगली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी रंगभूमीची सुरुवात इथूनच केली. रंगमंचावर रंगभूषा गडद का करतात, हे इथल्या जुन्या रंगभूषाकारांना पक्कं ठाऊक असतं. झगझगीत प्रकाश चेहऱ्याचा उठाव खाऊन टाकतो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नाक-डोळे दिसायला हवेत. रील करणाऱ्या मुलीसमोर रिंगलाइट असतो, तोही सावल्या पुसतो. म्हणून ती थापून लावते आणि पडद्यावर ते शोभतं. तुम्ही तेवढंच ट्यूबलाइटखाली लावता, आणि समोरची बाई तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी असते.

ब्रश पावडरमध्ये बुडवला की झटका, मग लावा. सुरुवात कानाजवळून करा, म्हणजे गडदपणा तिथे राहील. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेशी थांबा. त्यापुढे ओठाकडे गेलात की चेहरा आजारी दिसतो. ब्लेंड, म्हणजे रंग पसरवून त्वचेत मिसळणं, वरच्या दिशेने करा, खाली ओढलं की गाल लोंबतात. खालची कड दिसेनाशी होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नका. “तीस सेकंदांत कॉन्टूर” शिकवणाऱ्यांच्या नादी लागलेल्या मुलींना मी आधी आठवडाभर फक्त एकच गाल ब्लेंड करायला लावते. ज्यांना ते जमत नाही, त्या क्लास सोडतात. सोडू देत.

बाकीचं थोडक्यात

पावडर लावल्यावर त्यावर क्रीम कॉन्टूर घेतलं की गोळे होणारच. आधी सगळी क्रीम, मग पावडर.

पांढरी, सिलिका असलेली एचडी पावडर डोळ्यांखाली भरपूर थापू नका. फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके येतात. अगदी थोडी पुरते.

हायलाइटर चंदेरी नको. गव्हाळ रंगाला शँपेन किंवा सोनेरी, सावळ्याला तांबूस सोनेरी. पुटकुळ्या, खड्डे, मोठी रंध्रं असतील तिथे शिमर, म्हणजे चमक, नकोच, ती जास्त उठून दिसतात. तिथे एक शेड उजळ मॅट कन्सीलरने (डाग झाकायच्या क्रीमने) काम भागतं. कपाळाच्या मधोमध चमक लावली तर मे महिन्यात कार्यालयात ती घामासारखी दिसते.

मुंडावळ्या बांधायच्या असतील तर कपाळाच्या कॉन्टूरवर वेळ घालवू नका. नथ घालायची असेल तर ती आधी घालून बघा, नाकाची रेघ नंतर. नथ दाबून बसवताना बोटांनी ती बाजू पुसली जाते, मग एकच नाकपुडी बारीक दिसते.

जबड्याखाली कॉन्टूर केलं तर ते गळ्यावर उतरवा. नाहीतर मुखवटा घातल्यासारखी रेघ राहते.

आणि ब्रश धुवा. कालचा ब्राँझर ब्रशमध्ये असेल तर आजची चांगली शेडही नारिंगीच येणार. बेबी शँपूने धुवायचे, पिळायचे, टेबलाच्या कडेला केस बाहेर ठेवून आडवे वाळवायचे. उभे ठेवले की पाणी दांड्यात उतरतं आणि डिंक सुटतो.